एकाचे दोन दिसायला लागले: कोरियातल्या सुया, काढे आणि माझा डावा डोळा

सुवॉनकर
लिहीन लिहीन म्हणत होतो, पण डोळाच साथ देत नव्हता. आता देतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळी चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघितलं. इथे कोरियात प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर तिचा नंबर भलामोठा रंगवलेला असतो. आमच्या समोरची १०३. त्या दिवशी तिथे शेजारी शेजारी दोन १०३ होते. झोप उतरली नसेल म्हणून डोळे धुतले, पण दोनाचे दोनच. उजवा डोळा झाकला तर एक, डावा झाकला तरी एक. दोन्ही उघडले की परत जोडी. कपातला चहा मात्र एकच दिसत होता. जवळचं ठीक, लांबचं दुप्पट. डावीकडे बघितलं की दोन्ही १०३ एकमेकांपासून आणखी लांब सरकायचे. बस स्टॉपवर दोन बसगाड्या आल्या. त्यातली खरी कोणती, हे दार हाताला लागल्यावर कळलं.

जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्याने तपासून लगेच मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. एमआरआय स्वच्छ. रक्तात मात्र एचबीए१सी ८.९! साखर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. निदान असं: डाव्या डोळ्याला बाहेरच्या बाजूला ओढणारा जो स्नायू, त्याच्या मज्जातंतूला (मेंदूतून निघणारा सहावा) रक्त पुरवणारी बारीक नळी साखरेमुळे बिघडली. उपाय काय? साखर आटोक्यात आणा, चष्म्याच्या एका काचेला पट्टी लावा आणि थांबा. साधारण तीन महिने.

‘थांबा’ हे काय औषध झालं? मला ते पचेना. त्यात ऑफिसात टीम लीडरपासून साफसफाईच्या आजींपर्यंत प्रत्येकाचा एकच प्रश्न, ‘छिम माजास्सॉयो?’ म्हणजे सुया घेतल्या का? (कोरियनमध्ये सुई ‘घेत’ नाहीत, ‘खातात’, मार खातात तशी.) शेवटी दुसरा आठवडा संपताना हानुईवॉन गाठलं.

हानुईवॉन म्हणजे कोरियन पारंपरिक वैद्यकाचा दवाखाना. बोलताना ‘हानीवॉन’ होतं. माझं तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यातच काढ्याचा वास. बूट काढून सपाता घालायच्या, पडद्याआडच्या गरम गादीवर आडवं व्हायचं. डॉक्टरांना सगळे ‘वॉनजांगनिम’ म्हणतात, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. चाळिशीचे असतील. सुई हातात घ्यायच्या आधी त्यांनी एमआरआयचा अहवाल मागितला, बाहुल्यांवर टॉर्च मारली, डोकं दुखतं का, पापणी पडते का हे विचारलं. त्यानंतर नाडी आणि जीभ.

मग सुया. केसाएवढ्या बारीक. भुवईच्या नाकाकडच्या टोकाला एक (छानजुक), बाहेरच्या टोकाला एक (साजुकगोंग), डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी एक, कानशिलावर एक. तिथवर ठीक. पण अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात (हापगोक), पावलावर, आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूलाही! त्या नडगीवरच्या जागेचं नाव ‘ग्वांगम्यॉंग’, म्हणजे लख्ख प्रकाश. डोळ्याचा दिवा पायातून लावायचा! भुवईतली सुई टोचताना काही वाटत नाही, पण आत गेल्यावर एक जडसर, आंबूस दुखणं कपाळभर पसरतं. तेच त्यांना हवं असतं. वर तांबडा दिवा, वीस मिनिटं पडून राहायचं. मी दोनदा घोरलो.

आठवड्यातून दोनदा गेलो. दरम्यान रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच फरशीवर उभा राहून दोन १०३ मधलं अंतर समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत मोजायचो. दुसऱ्या आठवड्यात दोन खिडक्या. सहाव्यात एक. नवव्यात सरळ बघताना एकच आकडा, डावीकडे मान न वळवता बघितलं तरच दोन. अकराव्यात कुठेही बघा, एकच १०३.

आता प्रश्न. सुयांनी बरा झालो का? मला खरंच सांगता येत नाही. इथल्या मित्रांना शंकाच नाही, इस्पितळातल्या डॉक्टरांनाही शंका नाही, फक्त दोघांची उत्तरं उलटी आहेत. तुमचं काय मत?

पांढरा_कावळा
मत कशाला, हिशोब बघा. डॉक्टर म्हणाले तीन महिने. तुम्ही अकरा आठवड्यांत बरे झालात. म्हणजे जे होणार होतं तेच झालं. मी त्या अकरा आठवड्यांत रोज उकडीचे मोदक खाल्ले असते तर मोदकाने डोळे बरे होतात असा धागा काढला असता.

काढेवाली
साखर ८.९ असताना मोदक? असो. पांढरा_कावळा, प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच. हजारो वर्षांचं शास्त्र आहे, काही असल्याशिवाय टिकलं का? आपल्या सुश्रुतानेही एकाचे दोन दिसणं लिहून ठेवलंय.

नेत्रपल्लवी
नाशिकला ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून थोडं पदरचं.

सुवॉनकरांनी नकळत सगळ्यात महत्त्वाची तपासणी स्वतःच केली: एकेक डोळा झाकून बघितला. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर भानगड त्या डोळ्यातच असते. मोतीबिंदू, बुबुळाचा आकार, कोरडेपणा. कुठलाही एक झाकला की एकच दिसत असेल, तर दोन डोळे एका रेषेत नाहीत, आणि मग प्रश्न स्नायू, मज्जातंतू किंवा मेंदूचा. काढेवाली, सुश्रुताचं ते वर्णन दृष्टिगत रोगांत, तिमिराच्या ओघात येतं. माझा आपला अंदाज, ते बरंचसं मोतीबिंदूच्या जातीचं असावं.

डोळा हलवणारे सहा स्नायू आणि तीन मज्जातंतू. सहावा बिघडला तर आडवी जोडी दिसते, लांबचं जास्त, तंतोतंत वरच्यासारखी. चौथा बिघडला तर एकावर एक दिसतं, जिना उतरताना आणि वाचताना जास्त त्रास, आणि माणूस नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. तिसरा बिघडला तर पापणी पडते आणि डोळा खाली-बाहेर जातो. या तिसऱ्याबरोबर बाहुली मोठी झाली असेल, वर डोकं ठणकत असेल, तर सुई नाही, काढा नाही, उद्या सकाळही नाही. मेंदूतल्या धमनीला फुगा आलेला असू शकतो. त्याच रात्री मोठं इस्पितळ.

साठीपुढच्या माणसाला जोडीला कानशिल दुखणं, चावताना जबडा दुखणं असेल तरी तसंच, नाहीतर नजर जाते. बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं हे तर सगळ्यांना माहीत आहे.

आणि साखर-बीपीमुळे झालेला असा लकवा बहुतेकांचा आठवड्या-महिन्यांत आपोआप सुटतो, हे पांढरा_कावळा म्हणतात ते बरोबर आहे. तोवर पट्टी, किंवा चष्म्यावर चिकटवायची प्रिझमची पातळ पट्टी. सहा महिन्यांनीही राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार.

पांढरा_कावळा
फ्रेम करून लावा हा प्रतिसाद.

हानजा_वाचक
दिल्लीत कोरियन शिकलो, पुढे जुन्या वैद्यकग्रंथांचा नाद लागला. म्हणून जरा मागे नेतो.

कोरियन वैद्यक ज्या चिनी ग्रंथांना मूळ मानतं त्यांपैकी एक ‘लिंगशू’, कोरियन उच्चार ‘यॉंगछू’. त्याचा ८० वा अध्याय फार गोड सुरू होतो. पीतसम्राट (चिनी दंतकथांतला राजा) एका उंच मंचावर चढतो, पायऱ्यांच्या मध्यावर वळून बघतो, त्याला गरगरतं आणि तो चक्क रांगत पुढे जातो. मग वैद्याला विचारतो, मला हे का झालं? वैद्य म्हणतो, शरीरातल्या आतल्या अवयवांचं सत्त्व वर चढून डोळ्यांत एकवटतं. मानेतून शिरलेला दोष डोळ्यांच्या दोरीने मेंदूत गेला की ते सत्त्व विखुरतं, नजर फाटते, आणि फाटलेल्या नजरेला एका वस्तूच्या दोन दिसतात. दुहेरी दिसण्याची जागा डोळ्यात न ठेवता डोळ्यामागच्या दोरीत आणि मेंदूत ठेवलीय, हे त्या काळाच्या मानाने मला भारी वाटतं.

हेच सूत्र हॉ जुन या कोरियन राजवैद्याच्या ‘तोंगुई बोगाम’ या वैद्यकग्रंथात येतं. सोन्जो राजाने १५९६ मध्ये हे काम सोपवलं. वर्षभरात जपानी सैन्य परत चढून आलं, पुढे राजा वारला, राजवैद्य म्हणून हॉ जुनवर ठपका येऊन हद्दपारी झाली, आणि त्यातून १६१० ला पुस्तक पुरं झालं. १६१३ ला छापलं. २५ खंड. २००९ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत घेतलं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे औषधी वनस्पतींची गावरान नावं त्याने हांगुल या कोरियन लिपीत दिली, म्हणजे चिनी अक्षरं न येणाऱ्यालाही बांधावरचं झाड ओळखता यावं.

डोळ्याच्या प्रकरणात पाच ‘चाकं’ आहेत. बाहुली मूत्रपिंडाची, काळं बुबुळ यकृताचं, पांढरं फुप्फुसाचं, कोपरे हृदयाचे, पापण्या प्लीहेच्या. म्हणून पापणी पडली की वैद्य पोटाकडे वळतो आणि ‘बोजुंग-इक्गी-तांग’सारखा बळ ‘वर उचलणारा’ काढा देतो. आजचं शरीरशास्त्र म्हणून हे चालणार नाही. पण सुवॉनकरांच्या नडगीत सुई का गेली, ते या नकाशावरून कळतं. ती जागा पित्ताशयाच्या वाहिनीवर येते आणि ती वाहिनी सुरू होते डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून.

एक गंमत. कोरियनमध्ये पक्षाघाताला ‘जुंगपुंग’ म्हणतात. ‘पुंग’ म्हणजे वारा. आपल्याकडे अर्धांगवायू! तोंड वाकडं होणं, डोळा फिरणं, सगळं वाऱ्याच्या खात्यात. कोरियात तोंड वाकडं झालं की आजही लोक मोठ्या संख्येने हानुईवॉनकडे धावतात. दुहेरी दिसणाऱ्यांना त्याच रांगेत उभं केलं जातं. टीम लीडरला तो प्रश्न म्हणूनच सुचला.

काढेवाली
वा! अर्धांगवायूचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

रानभाजी
अवांतर, पण राहवत नाही. इंचॉनला दोन वर्षं होते. घरमालकीणबाई रोज भाजलेल्या बियांचा तांबूस चहा पाजायच्या, ‘डोळ्यांना चांगला’ म्हणून. नाव ग्यॉल्म्यॉंगजा. नावातच ‘उजेड’ आहे म्हणे. एकदा पाकिटावरचं झाडाचं चित्र बघितलं आणि हसूच आलं. अहो, तो आपला टाकळा! (किंवा त्याचा सख्खा भाऊ.) पावसाळ्यात कोकणात गुडघाभर माजतो, कोवळी पानं आम्ही भाजीला खुडतो आणि पुढे शेंगा धरल्या की ढुंकून बघत नाही. बाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना की आम्ही पाला खातो आणि बिया फेकतो.

डोळ्यांना काही झालं नाही. पोट मात्र साफ व्हायचं.

पांढरा_कावळा
या धाग्यावरचा पहिला परिणाम ज्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

सोलापुरी_चादर
धागा वाचून धस्स झालं. माझ्या आईला (वय ६८, साखर, बीपी) परवापासून दोन दिसतंय. डोकं दुखत नाही. ती म्हणते मोतीबिंदू असेल, दिवाळीनंतर बघू. मावशी म्हणते सु-जोक कर, ते कोरियनच आहे. आमच्या गल्लीत एक काकू करतात, बोटांना मेथीदाणे चिकटवतात. काय करू?

नेत्रपल्लवी
आत्ता एकेक डोळा झाकून बघायला सांगा आणि इथे लिहा. पापणी, बाहुल्याही बघा, दोन्ही सारख्या आहेत का.

सुवॉनकर
दादा, दिवाळीची वाट बघू नका. मी त्याच दिवशी गेलो म्हणून साखर सापडली.

सु-जोक पार्क जे-वू नावाच्या कोरियन गृहस्थांनी काढलेलं. सु म्हणजे हात, जोक म्हणजे पाऊल. पण इथले हानुईसा, म्हणजे हानुईवॉनातले डॉक्टर, सहा वर्षांचं विद्यापीठाचं शिक्षण आणि सरकारी परीक्षा देऊन परवाना घेतात, ते वेगळंच प्रकरण आहे. मला हानुईवॉनात कुणी मेथीदाणे चिकटवले नाहीत.

हानजा_वाचक
जोड देतो. कोरियात ही दुसरी, समांतर वैद्यकव्यवस्थाच आहे. १९५१ च्या कायद्याने हानुईसांना मान्यता मिळाली, १९८७ पासून सुया सरकारी विम्यात आल्या, २०१९ पासून छुना म्हणजे हाडं-सांधे बसवण्याचे उपचारही. मोठ्या हानबांग (कोरियन पारंपरिक वैद्यकाच्या) इस्पितळांत डोळे-कान-नाक-घसा-त्वचा असा एकत्र विभाग असतो. दोन्हीकडच्या डॉक्टरांचं मात्र विळ्याभोपळ्याचं. कुणी कुठलं यंत्र वापरायचं यावरून कोर्टकज्जे. २०१३ मध्ये संविधान न्यायालयाने हानुईसांना डोळ्याचा दाब मोजणारं यंत्र, डोळा बारकाईने बघायचा स्लिट लॅम्प वगैरे वापरायला मोकळीक दिली, २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सोनोग्राफीबद्दल.

महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे. आणि सोलापूर निघालंच आहे म्हणून: सोलापूरचे डॉ. कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते सुरू केलं.

सोलापुरी_चादर
कुठलाही एक डोळा झाकला की एकच. पापणी ठीक. बाहुल्या सारख्या वाटतात. उद्या सकाळी नेतोय.

ग्योंगी_वहिनी
सुवॉनकर, आमचा अनुभव वेगळा आणि हानुईसांच्या बाजूने. सासूबाई इथे आल्या होत्या. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी उजवी पापणी अर्धी खाली आणि टीव्हीवर दोन-दोन माणसं. शेजारच्या हानुईवॉनात नेलं. तरुण मुलगी होती डॉक्टर. तिने त्यांना एक मिनिट वर छताकडे बघत राहायला लावलं. पापणी हळूहळू खाली आली. मग बर्फाची पिशवी पापणीवर दोन मिनिटं ठेवली, पापणी वर! तिने सुई लावलीच नाही. कागदावर लिहून दिलं, मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) निघाला. आता गोळ्या चालू आहेत.

तिने काढा दिला असता तर आम्ही गपगुमान दोन महिने पाजला असता.

पांढरा_कावळा
इथे मात्र टोपी काढतो. पण लक्षात घ्या, तिचं कौतुक आपण करतोय ते तिने सुई न लावल्याबद्दल.

ग्योंगी_वहिनी
कौतुक ओळखल्याबद्दल आहे हो.

काढेवाली
बरं, काढ्याचं कुणी सांगेल का? सुवॉनकर, तुम्ही घेतला का?

सुवॉनकर
नाही. वॉनजांगनिमनी सुचवला होता. दोन आठवड्यांच्या पुड्या उकळून, प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटांत भरून, खोक्यात घालून घरपोच देतात. विमा काही काढ्यांना लागू झालाय, तोंडाच्या लकव्याला आहे, दुहेरी दिसण्याला नाही. त्यामुळे खर्च सगळा खिशातून. पण न घेण्याचं कारण पैसे नव्हे. साखरेच्या डॉक्टरांना यादी दाखवली, त्यांनी एका नावावर बोट ठेवलं: गामछो. म्हणजे आपला ज्येष्ठमध. जास्त दिवस पोटात गेला तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, आणि माझं बीपी आधीच काठावर. वॉनजांगनिमना सांगितलं तर ते हसले, म्हणाले गामछो नसलेला काढा शोधावाच लागेल. कोरियनमध्ये सगळीकडे हजर असणाऱ्या माणसाला ‘औषधाच्या दुकानातला गामछो’ म्हणतात.

आणि सुया अगदीच निरुपद्रवी असंही नाही. एकदा आमचं हानुईवॉन बंद होतं म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. त्यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून सुई घातली. रात्री आरशात बघतो तर डोळ्याखाली काळानिळा अर्धचंद्र. दहा दिवस राहिला. ऑफिसात सगळ्यांना वाटलं बायकोने मारलं. आमचे वॉनजांगनिम म्हणाले, ती जागा पुस्तकात पहिली आहे, पण मी तिथे जात नाही. डोळ्याच्या खोबणीत रक्त साकळतं, आणि नेम चुकला तर पुढे डोळाच आहे.

नेत्रपल्लवी
त्यांना माझा नमस्कार सांगा.

पांढरा_कावळा
पण मूळ प्रश्न राहिलाच. कोरियात यावर अभ्यास झाला असेल ना?

हानजा_वाचक
जे वाचलं ते बहुतेक एकेका-दोघादोघा रुग्णांची टिपणं. ‘सहाव्या मज्जातंतूचा लकवा, इतक्या सुया, इतके आठवडे, बरा झाला.’ सुवॉनकरांच्या खिडक्यांच्या वहीसारखंच, फक्त कोन मोजलेले. शेजारी सुया न घेतलेला रुग्ण उभा नसतो, त्यामुळे लवकर बरा झाला की वेळेवर, हे त्यातून निघत नाही.

सुवॉनकर
माझ्या वहीत पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे आहेत, सुयांच्या आधीचे. तेव्हाही अंतर किंचित कमी व्हायला लागलं होतं. सव्वादोन खिडक्यांवरून दोन. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण वॉनजांगनिम मला आवडले. त्या वीस मिनिटांत कुणीतरी माझ्या डोळ्यासाठी काहीतरी करतंय असं वाटायचं. इस्पितळात तीन महिन्यांत मिळून तेवढी मिनिटं मिळाली नसतील.

पांढरा_कावळा
हे प्रामाणिक आहे. मोदकाचं विधान मागे घेतो. थोडंसं.

बाळाची_आई
उशिरा विचारतेय. माझ्या मुलाचा (४ वर्षं) एक डोळा आत वळतो. त्याला दोन दिसत नाही म्हणतो. कोरियन ॲक्युपंक्चरचा व्हिडिओ बघितला, तिरळेपणा जातो म्हणे. करून बघू का?

नेत्रपल्लवी
ताई, नको, आणि वेळही दवडू नका. लहान मुलांना दोन दिसत नाही कारण मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र बघणंच सोडून देतो. मग तो डोळा आळशी होतो आणि वय वाढलं की परत आणणं अवघड होत जातं. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. डोळ्यात थेंब घालून नंबर काढतील. पुष्कळ मुलांचा डोळा नुसत्या चष्म्याने सरळ येतो. नाहीतर चांगल्या डोळ्यावर पट्टी, गरज लागली तर शस्त्रक्रिया. नंबर आला तर इथे लिहा.

सोलापुरी_चादर
आलो एकदाचा. आईचा एमआरआय ठीक. साखर ३१०. गोळ्या बदलल्यात, सहावाच मज्जातंतू, पण उजवा. डॉक्टरांनी तेच सांगितलं, थांबा. चष्म्याच्या उजव्या काचेला मीच पांढरी चिकटपट्टी लावून दिली. आई म्हणते, दोन-दोन सुना दिसत होत्या ते बरं होतं, एक तरी ऐकायची.

मावशी मेथीदाणे घेऊन आली होती. आईने लावून घेतले, मी काही बोललो नाही. मावशी गेल्यावर ते काढून रात्री भिजत घातले, सकाळी साखरेसाठी चावून खाल्ले.

सुवॉनकर
आईंना सांगा, समोर लांब काहीतरी ठरलेलं निवडा आणि रोज सकाळी एकाच जागी उभं राहून बघा. पट्टी काढून, दोन मिनिटं. वही मी ठेवली तशी ठेवा.

सोलापुरी_चादर
गच्चीवरून सिद्धेश्वराचं शिखर दिसतं. आज दोन होती. मधे हातभर अंतर, असं म्हणाली. लिहून ठेवलंय.